पाण्याची वही: दोन एकर शेत एकत्र चालवायला शिकलेल्या एका कुटुंबाचे प्रकरण

या कुटुंबाकडे दोन एकर, म्हणजे सुमारे ०.८ हेक्टर जमीन, एक विहीर आणि घरात पाच माणसे होती: आई, वडील, वडिलांची आई, १९ वर्षांची मुलगी आणि १३ वर्षांचा मुलगा. जमीन बरीच वर्षे दुसऱ्याला कसायला दिलेली होती; ती परत ताब्यात आल्यावर विकायची की स्वतः करायची यावर घरात चार महिने बोलणे चालले आणि शेवटी स्वतः करायचे ठरले. वडिलांची कारखान्यात पाळीची नोकरी होती आणि ती सोडणे शक्य नव्हते. आई एका शाळेत अर्धवेळ हिशेबाचे काम करत होत्या. शेतीचा प्रत्यक्ष अनुभव एकट्या आजींना होता आणि तोही तरुणपणातला. माती, पाणी आणि पीकनियोजन यांबाबत सल्ला देण्यासाठी मी दोन हंगाम दर पंधरा दिवसांनी त्यांच्याकडे जात होतो. कुटुंबाच्या इच्छेप्रमाणे नावे आणि ठिकाण येथे दिलेले नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ हे वर्ष कौटुंबिक शेतीचे वर्ष म्हणून साजरे झाले तेव्हा मांडलेल्या अंदाजानुसार जगातील सुमारे ५७ कोटी शेतांपैकी ५० कोटींहून अधिक शेते कुटुंबे चालवतात, आणि त्यांतील बहुसंख्य दोन हेक्टरपेक्षा लहान आहेत. २०१९ ते २०२८ हे दशकही याच विषयाला वाहिलेले आहे. असे असूनही माझ्या स्वतःच्या सल्ल्यात तोवर पीक, खत, कीड आणि पाणी एवढेच विषय असत. घरातल्या माणसांनी काम आणि निर्णय आपसांत कसे वाटावेत हा प्रश्न मी त्यांचा खासगी मामला समजत आलो होतो. या कुटुंबाच्या पहिल्या हंगामात झालेल्या नुकसानाने माझी ती समजूत मोडली, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहीत आहे.

पहिल्या हंगामाची सुरुवात

सुरुवात रीतसर झाली. बांध, झाडांची सावली आणि जुन्या उकिरड्याची जागा टाळून शेतात नागमोडी चालत १५ ठिकाणांहून १५ ते २० सेंटिमीटर खोलीची माती घेतली, ती एकत्र करून चार भाग पाडत आणि समोरासमोरचे दोन भाग टाकत अर्ध्या किलोवर आणली आणि तपासणीला पाठवली. अहवाल आश्वासक होता: सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लतेचा आकडा) ७.४, सेंद्रिय कर्ब कमी, कॅल्शियम भरपूर. घरी मुलाने काचेच्या बरणीत माती आणि पाणी ढवळून ठेवले; वाळू मिनिटाभरात तळाशी बसली, पोयटा, म्हणजे वाळूपेक्षा बारीक कण, काही तासांत, आणि चिकणमातीमुळे दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच होते. जमीन मध्यम ते भारी आहे, पाणी धरून ठेवणारी आहे आणि ओली असताना तिला हात लावायचा नाही, एवढे त्या बरणीवरूनच सांगता येत होते.

नेमका तिथेच पहिला खटका उडाला. वडिलांना कारखान्यातून दोन दिवसांची सुट्टी मिळाली होती, आदल्या रात्री पाऊस झाला होता आणि मशागतीचे यंत्र भाड्याने ठरवून झाले होते. आजी बांधावर उभ्या राहून म्हणाल्या, "अरे, दोन दिवस थांब. वाफसा आलेला नाही. माती मुठीत दाबून बघ, गोळा फुटतोय का ते." वाफसा म्हणजे मशागतीला योग्य इतपत उरलेली ओल. इथे गोळा फुटत नव्हता, बोटांवर लिंपत होता. परंतु सुट्टी पुढे ढकलता येत नव्हती आणि यंत्रही. ओल्या भारी मातीत यंत्र फिरले की कण एकमेकांवर घासून त्यांच्यातल्या पोकळ्या बुजतात आणि वाळल्यावर ढेकळे विटेसारखी टणक होतात. असे यंत्र फिरलेल्या पाव एकरातले पीक हंगामभर मागे राहिले. वडिलांनी ते मान्य केले. मात्र आजींचे म्हणणे ऐकायचे की नाही हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न तेव्हा कोणीच विचारला नाही.

मी अर्ध्या एकराने सुरुवात करा असे सुचवले होते. त्यांनी एक एकर लावला: टोमॅटोची १,२०० रोपे, पाव एकर घेवडा, थोड्या पालेभाज्या आणि कडेने मका. दुसऱ्या एकरात हिरवळीचे खत पेरले. टोमॅटोला ठिबक बसवले होते. प्रत्येक झाडाला तासाला दोन लिटर पाणी देणारा एक ड्रिपर आणि ४०० झाडांचा एक याप्रमाणे तीन विभाग, प्रत्येकाचा व्हॉल्व्ह वेगळा. तिसरा विभाग घराला लागून होता, पहिला विहिरीपलीकडे.

काळी बुडे

लागवडीनंतर दोन महिने होत आले असताना एका संध्याकाळी मला फोटो आले. फळांची बुडे काळी पडत होती. दुकानदाराच्या सांगण्यावरून वडिलांनी तोवर बुरशीनाशकाच्या दोन फवारण्या केल्या होत्या. फोटो पाहून मी फोनवरच सांगितले की ही बुरशी नाही, फळाला कॅल्शियम कमी पडल्याचे हे लक्षण आहे. त्यावर त्यांनी कॅल्शियमचे द्रावण आणून पानांवर फवारले आणि उपयोग झाला नाही. माझे निदान चुकीचे नव्हते, अर्धे होते, आणि अर्धे निदान फोनवरून द्यायला नको होते. पानावर पडलेले कॅल्शियम पानातच राहते. तिथून ते फळाकडे फारसे जात नाही. फळाला ते मुळांकडूनच, चढत्या पाण्याबरोबर मिळावे लागते.

प्रत्यक्ष गेलो तेव्हा आईंनी बाधित फळांची पाटी समोर ठेवली. त्यातले एक फळ मी उभे कापले. देठाकडची बाजू लालसर, घट्ट, निरोगी. बुडाशी नाण्याएवढा खोलगट डाग, कातड्यासारखा चिवट, कडेला तपकिरी आणि मध्ये काळा. कापावर तो आत निमुळता होत गेलेला. बुरशीचे तंतू नाहीत, पाणी सुटलेले नाही, वास नाही. बाजूच्या झाडांची पाने हिरवीगार होती, जरा जास्तच हिरवीगार, कारण वाढ मंद वाटल्याने वडिलांनी युरियाचा एक जादा हप्ता दिला होता. पाने जोमात वाढली की पाण्याबरोबर येणारे कॅल्शियम ती ओढून घेतात, आणि ज्या फळातून बाष्पीभवन जवळजवळ होतच नाही त्याच्या वाट्याला उरलेसुरले येते. मातीत कॅल्शियम भरपूर असूनही फळ उपाशी राहते ते असे. तरीही एवढ्या मोठ्या प्रमाणातील नुकसानाला युरियाचा एक हप्ता पुरेसा नव्हता. मुळाशी कधी पाण्याची ओढ आणि कधी चिखल, असे झाले असणार याची मला जवळपास खात्री होती.

"पाणी कोण देतं?" या माझ्या प्रश्नावर तीन उत्तरे आली. वडील म्हणाले, "मी जाताना सोडतो." मुलगी म्हणाली, "संध्याकाळी मी देते." आजी म्हणाल्या, "दुपारी झाडं माना टाकतात, मग मीच उघडते."

हा डाग फळ लहान आणि वेगाने वाढत असताना झालेल्या आबाळीचा असतो, आणि तो नजरेत भरतो काही दिवसांनी. त्यामुळे आज दिसणारा डाग साधारण दोन आठवड्यांपूर्वीच्या पाण्याची नोंद असते. त्या वेळी काय घडले होते हे आठवणीतून कोणालाच सांगता येईना. मग आम्ही स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो आणि वडिलांचा पाळ्यांचा तक्ता, मुलीचे परीक्षेचे वेळापत्रक आणि आईंची शाळेची वही समोर ठेवून एकेक दिवस जुळवत गेलो. चित्र स्पष्ट झाले. वडिलांची रात्रपाळी लागलेल्या आठवड्यात ते सकाळी थेट झोपत. मुलगी सकाळचे पाणी देते आहे असे त्यांनी गृहीत धरले होते. मुलीची परीक्षा होती. तिने आजींना सांगून ठेवले होते. आजींनी ते "पाणी झालंय" असे ऐकले होते. चार दिवस शेताला थेंब मिळाला नाही. पाचव्या दिवशी तिघांनीही आपापल्या वेळी व्हॉल्व्ह उघडला. वडिलांनी दोन तास, आजींनी किती वेळ ते माहीत नाही, मुलीने पुन्हा दोन तास. आजी बराच वेळ तक्त्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मला वाटलं हिने सोडलं, हिला वाटलं त्याने."

एक गोष्ट मला तेव्हा विशेष वाटली आणि अजूनही वाटते. सर्वांत वाईट फळे तिसऱ्या विभागात होती, घराजवळच्या. विहिरीपलीकडचा पहिला विभाग बराच बरा होता. कोरड्या दिवसांचा फटका तिन्ही विभागांना सारखाच बसला होता. परंतु घराजवळच्या विभागात येता-जाता प्रत्येकाचा हात व्हॉल्व्हला लागत होता आणि तिथली भारी माती पुढचे कित्येक दिवस चिखलात राहत होती. चिखलात मुळांना हवा मिळत नाही आणि हवेअभावी मूळ पाणी असूनही ते नीट ओढू शकत नाही. ज्या विभागाची सगळ्यांनी सर्वाधिक काळजी घेतली, तोच सर्वाधिक बिघडला.

तातडीचे उपाय साधे होते. डाग पडलेली फळे सुधारत नाहीत, म्हणून ती तोडून टाकली, म्हणजे झाडाची ताकद नव्या फळांकडे जावी. ओळींमध्ये वाळलेल्या पाल्याचे पाच ते सात सेंटिमीटर जाडीचे आच्छादन घातले, युरिया थांबवला आणि रोज सकाळी एक तास पाणी, झाडाला दोन लिटर, असा नेम ठरवला. तीन आठवड्यांनी येणारी फळे स्वच्छ होती.

वारांची वाटणी आणि तिचा निकाल

हे पुन्हा घडू नये म्हणून आईंनी तक्ता केला. सोमवारी वडील, मंगळवारी मुलगी, बुधवारी आई, याप्रमाणे पाण्याचे वार वाटले. तक्ता नेटका होता, न्याय्य होता आणि मला तेव्हा पटलाही होता.

तो तीन आठवडे टिकला. वार चुकले तर दुसऱ्या दिवशी भरून काढायचे की नाही हे ठरलेले नव्हते, ही त्यातली लहान अडचण. मोठी अडचण आठवडाभर कोणाच्याच लक्षात आली नाही. विहिरीच्या पाण्यातल्या शेवाळाने फिल्टर हळूहळू तुंबत होता आणि नळ्यांमधला दाब दिवसागणिक थोडा थोडा कमी होत होता. रोज एकच माणूस व्हॉल्व्ह उघडत असता तर त्याला कालच्यापेक्षा आज धार बारीक आहे हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळले असते. इथे प्रत्येकजण पाच-सहा दिवसांतून एकदा जात होता आणि आपण पाहिलेली धार हीच नेहमीची असे समजत होता. दुसऱ्या विभागातील ओळींच्या टोकाची १८ झाडे वाळल्यावर फिल्टर उघडला, तेव्हा जाळीवर हिरवा लगदा बोटभर जाड साचलेला होता.

कामाचे समान तुकडे करून वाटले की काम वाटले गेले असे आपण समजतो. पीक मात्र सलग असते. आजच्या पाण्याचा परिणाम उद्या बघणारा माणूस वेगळा असेल, तर त्या दोघांपैकी कोणीच शिकत नाही.

जबाबदारीची वाटणी

हंगाम संपल्यावर मी असे सुचवले की वारांऐवजी विषय वाटावेत: एक विषय, एक माणूस, पूर्ण हंगाम. त्या विषयातला शेवटचा शब्द त्या माणसाचा. इतरांनी मदत करावी, मत द्यावे, परंतु परस्पर हात घालू नये. वडिलांना हे रुचले नाही. "घरातलं काम असं कंत्राटासारखं वाटायचं का?" असे त्यांनी विचारले, आणि हा आक्षेप मी हलका मानत नाही. एकत्र काम करता यावे म्हणून तर त्यांनी शेती हाती घेतली होती. रेषा आखल्या की प्रत्येकजण आपापल्या कोपऱ्यात जाईल ही भीती खरी होती. आजींचा आक्षेप वेगळा होता. डोळ्यांसमोर झाड सुकत असताना हात बांधून बसायचे, हे त्यांना माणुसकीला धरून वाटत नव्हते.

दोन्ही आक्षेपांवर तोडगा वहीतून निघाला. व्हॉल्व्ह फक्त पाण्याची जबाबदारी असलेल्याने उघडायचा किंवा त्याच्या सांगण्यावरून उघडायचा. परंतु जे दिसेल ते कोणीही, कधीही वहीत लिहायचे आणि जबाबदार माणसाने रोज संध्याकाळी ते वाचायचे. वहीत रकाने असे होते: तारीख, विभाग, किती वेळ पाणी, १५ सेंटिमीटर खोलीवर माती कशी, कोणी दिले, आणि शेवटचा रुंद रकाना, "काय दिसले". त्या रकान्यातली पहिली नोंद आजींनी सांगितलेली आणि मुलाने लिहिलेली आहे: "विभाग २, शेवटची ओळ, झाडे मलूल, सकाळी ८ वाजता." त्यातील सकाळची वेळ महत्त्वाची आहे. दुपारच्या उन्हात माना टाकलेले झाड संध्याकाळी आपोआप सावरते, त्याला तहान लागलेलीच असते असे नाही. सकाळी मलूल दिसणाऱ्या झाडाला मात्र खरोखर काहीतरी झालेले असते. हा फरक मुलीने आजींना वाद घालून पटवला नाही. भर दुपारी त्यांना झाडाशी नेऊन तिने खुरप्याने माती उकरली. वरचा तीन बोटांचा थर भुरभुरीत कोरडा होता. त्याखाली गार, ओली, मुठीत गोळा होणारी माती होती. आजींनी तो गोळा बराच वेळ हातात ठेवला. वाफशाची हीच परीक्षा त्यांनी आपल्या मुलाला, म्हणजे मुलीच्या वडिलांना, शिकवायचा प्रयत्न केला होता. त्यांचीच विद्या त्यांच्या नातीने पाण्याला लावली होती. त्यानंतर आजींनी दुपारी व्हॉल्व्ह उघडल्याची नोंद वहीत नाही.

पाणी आणि टोमॅटो मुलीकडे आले. बियाणे, रोपवाटिका आणि कोंबड्या आजींकडे, मुलाच्या मदतीने. तोडणीचे वेळापत्रक, विक्री आणि हिशेब आईंकडे. माती, कंपोस्ट आणि सगळी यंत्रसामग्री वडिलांकडे, आणि मशागत कधी करायची हे आजींना विचारल्याशिवाय ठरवायचे नाही अशी अट त्यांनी स्वतःहून घालून घेतली. वडिलांची तयारी इथे दिसली. त्यांचा पहिला ढीग थंड राहिला, कारण त्यात वाळलेली ताटेच जास्त होती. कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) यांचे प्रमाण २५ ते ३० ला १ असे जवळपास असावे लागते आणि ढिगाचा ओलावा पिळलेल्या फडक्याइतका. त्यांनी ओला पाला आणि ताजे शेण मिसळून ढीग पुन्हा रचला, त्यात लांब दांड्याचा तापमापक खुपसला आणि कारखान्यातल्या यंत्राप्रमाणे रोज आकडा लिहिला. पाचव्या दिवशी तो ६० अंशांवर होता.

चुका थांबल्या असे नाही. दुसऱ्या हंगामात मुलीनेच फिल्टर धुण्यात नऊ दिवसांची दिरंगाई केली. फरक एवढाच की पाण्याची धार बारीक झाल्याचे वडिलांनी वहीत लिहिले, त्याच संध्याकाळी तिने ते वाचले आणि एकही झाड गेले नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास सगळे बसत. ठरलेल्या रकमेच्या वरचा खर्च तेवढा सर्वांच्या संमतीने, बाकी ज्याचा विषय त्याचा निर्णय. एकदा आईंना विक्रीच्या आदल्या दिवशी टोमॅटोला भरपूर पाणी हवे होते, वजन भरावे म्हणून. मुलीने नकार दिला, कारण अशा एकाएकी दिलेल्या पाण्याने पिकत आलेली फळे तडकतात. त्या दिवशी घरात अबोला होता. पाणी मात्र दिले गेले नाही.

मुलाच्या बाबतीत एक मर्यादा पहिल्या दिवसापासून स्पष्ट ठेवली होती. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००१ चा करार, क्रमांक १८४, शेतीतील धोकादायक कामांसाठी किमान वय १८ वर्षे सांगतो. त्यामुळे फवारणी, औषधांची साठवण आणि चालू यंत्रे यांच्याजवळ त्याने यायचे नाही आणि शाळेच्या वेळेत शेत नाही. जे त्याच्याकडे दिले ते त्याने मन लावून केले. पेरणीपूर्वी घेवड्याच्या १०० बिया ओल्या फडक्यात गुंडाळून त्याने आठ दिवस ठेवल्या. ७१ उगवल्या, आणि त्यावरून आजींनी बियाण्याचे प्रमाण वाढवले. पीक फुलावर असताना त्याने एक रोप मुळासकट उपटून मुळांवरच्या गाठी नखाने फोडल्या. आतून गुलाबी निघाल्या. हवेतला नत्र बांधणारे जिवाणू तिथे काम करत आहेत याची ती खूण आहे, आणि वहीत त्या दिवशी त्याने चार ओळी लिहिल्या आहेत.

तासांचा हिशेब

दुसऱ्या हंगामाच्या मध्यावर आईंच्या हिशेबात शिल्लक दिसू लागली. तेव्हा त्यांनीच प्रश्न काढला की या शिलकीत आपल्या श्रमांचे मोल कुठे आहे. हा प्रश्न जुना आहे. रशियन अर्थशास्त्रज्ञ अलेक्झांडर चायानोव यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शेतकरी कुटुंबांचा अभ्यास करून दाखवले होते की कुटुंबाची शेती मजुरीवर चालणाऱ्या उद्योगासारखा नफा मोजत नाही. घरात खाणारी तोंडे किती आणि राबणारे हात किती, आणि आणखी एक तास राबण्याचा शीण त्यातून मिळणाऱ्या गोष्टीच्या तोडीचा आहे का, हे तोलत ती चालते. स्वतःचे श्रम फुकट धरले जातात म्हणून असे शेत तोट्याच्या काळातही तगते. आणि त्याच कारणाने घरातले एखादे माणूस कोणाच्या लक्षात न येता झिजत राहते.

आठ आठवडे प्रत्येकाने आपले तास लिहिले. त्याआधी मी सर्वांना अंदाज विचारला होता. सर्वांनी, आईंनीसुद्धा, वडिलांचे तास सर्वाधिक सांगितले. नोंदीतून निघाले ते असे: आईंचे आठवड्याला ३१, वडिलांचे २२, मुलीचे १९, आजींचे १७, मुलाचे ५. वडिलांचे काम सलग आणि डोळ्यांत भरणारे होते. आईंचे काम सुट्या तुकड्यांत होते: तोडणीनंतर निवड, क्रेट धुणे, वजन, गिऱ्हाइकांचे फोन, पैशांचा पाठपुरावा, आणि शेतातून येणाऱ्या प्रत्येकाच्या वेळेनुसार पुन्हा पुन्हा तापवलेले जेवण. शेवटची गोष्ट लिहायची का, यावर वाद झाला. मुलगी म्हणाली, "आई, शेत नसतं तर चारदा तापवावं लागलं असतं का?" मग ती लिहिली गेली.

त्याच नोंदींतून दुसरी गोष्ट निघाली. एक दिवसाआड तोडावा लागणारा पाव एकर घेवडा टोमॅटोइतकेच तास खात होता आणि वजनात त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकाही भरत नव्हता. त्यांनी तो पूर्ण बंद केला नाही, कारण पुढच्या पिकाला त्याचा बेवड, म्हणजे आधीच्या पिकाचा जमिनीला झालेला लाभ, चांगला मिळतो. तोडणीचा घेवडा चार ओळींवर आणला आणि उरलेल्या जागेत, न तोडता जमिनीतच गाडता येईल असे द्विदल पीक घेतले. निवड आणि क्रेट वडिलांनी घेतले. आईंचे तास २४ वर आले. त्याखाली ते आले नाहीत.

तिसऱ्या हंगामापूर्वी

मुलगी पुढच्या शिक्षणासाठी घराबाहेर जाणार होती. पाणी कोणाकडे द्यायचे यावर तीन बैठका झाल्या. आईंकडे द्यावे असे कोणी सुचवले नाही. तासांचा तक्ता भिंतीवर होता. शेवटी टोमॅटो ८०० झाडांवर आणायचा, तिसरा विभाग पालेभाजीला द्यायचा आणि पाणी वडिलांनी घ्यायचे असे ठरले. रात्रपाळीच्या आठवड्यात व्हॉल्व्ह उघडायची वेळ सकाळऐवजी संध्याकाळ, कामावर निघण्यापूर्वीची. वही मुलाने लिहायची.

जाण्याआधीचे दोन आठवडे मुलीने वडिलांना रोज शेतात नेले. ती तीन ठिकाणची माती त्यांच्या हातावर ठेवी आणि डोळे मिटून, पाणी आज द्यायचे की उद्या हे सांगायला लावी. भारी मातीचा तुकडा त्यांना वारंवार चकवत होता. ज्या पाव एकरात ओल्यातच यंत्र फिरले होते, तिथली ढेकळे अजून पुरती फुटलेली नाहीत आणि तिथे ओलावा एका वितीच्या अंतरावरही बदलतो.

आजींच्या रोपवाटिकेचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. वाफ्यावरचे आच्छादन कोणत्या दिवशी काढायचे, रोप किती कडक झाले की लावणीला काढायचे, हे त्या रोपाला हात लावून ठरवतात आणि त्याचे रकाने पाडता येत नाहीत. त्यांचे गुडघे दुखतात, खाली बसणे कठीण झाले आहे. सध्या मुलगा शाळा सुटल्यावर वाफ्याशी बसतो, त्या खुर्चीवरून सांगतात, आणि तो विचारतो, "आजी, हे का नको, ते का घेऊ?" काही वेळा त्यांना कारण सांगता येते. काही वेळा त्या म्हणतात, "दोन्ही हातात धर आणि तूच सांग."